अफवेतला टॅब्लेट आणि बंदरावरचा मेकॅनिक

लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीवर चालणारा, हातात मावेल असा एक नवा टॅब्लेट येऊ घातला आहे, अशी कुजबुज सध्या संगणकाची आवड असलेल्या मराठी मंडळींत चालू आहे. ज्या कंपनीचे नाव घेतले जाते तिने या कुजबुजीला दुजोरा दिलेला नाही आणि ती नाकारलेलीही नाही; म्हणून मीही ते नाव येथे लिहीत नाही. अफवांचे मला वावडे नाही, पण या अफवेवर जो वाद झडतो आहे तो फार कच्चा आहे. एक पक्ष पडदा सात इंचांचा असेल की आठ, चिप कोणती, किंमत वीस हजारांच्या आत बसेल का, याचे आडाखे बांधत बसला आहे. दुसरा पक्ष ‘लिनक्सचे टॅब्लेट आजवर कधी चालले आहेत काय?’ एवढे विचारून निकाल लावून मोकळा होतो. दोघेही एकच गोष्ट गृहीत धरतात, ती ही की यंत्राचा कस त्याच्या विक्रीच्या हंगामात लागतो. माझ्या मते हातातल्या संगणकाचा कस त्याला पाच-सात वर्षे झाल्यावर, बनवणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे वळल्यावर लागतो. त्या वेळी दुसऱ्या कुणाला तो उघडता, दुरुस्त करता आणि चालू ठेवता येणार असेल, तर बाजारात हरलेला टॅब्लेटही घेण्याजोगा ठरतो. तसे होणार नसेल, तर त्याच्या खोक्यावर लिनक्सचे नाव असून नसून सारखेच.

हा विचार मला कुठल्या पुस्तकातून सुचलेला नाही. मी दापोली तालुक्यात राहतो. पावसाळी मासेमारीबंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या काळात, हर्णै बंदराच्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि इंजिनांची कामे निघतात. नवे इंजिन घ्यायचे ठरले की नाखवा अश्वशक्ती विचारतोच, पण त्याच्याही आधी तो विचारतो की याचे पार्ट जवळपास मिळतात का आणि ते उघडायला आपला मेकॅनिक तयार आहे का. शिडाच्या मचव्यावरून डिझेलवर येताना त्याच्या वाडवडिलांनी पुष्कळ गोष्टी सोडल्या, पण मोडलेली डोलकाठी जशी गावचा सुतार बसवत असे तसेच बंद पडलेले इंजिन बंदरावरच्याच माणसाला सुरू करता आले पाहिजे, हा हट्ट सोडला नाही. कंपनीचा माणूस येण्याची वाट पाहायची म्हणजे भर हंगामातले दिवस बुडवायचे. ज्या समाजाला हा हिशेब इतका तोंडपाठ आहे, त्याच समाजातील मुलगा टॅब्लेट घ्यायला गेला की हा प्रश्न का विचारत नाही? काच फुटली तर बदलून मिळेल का, एवढे फार तर विचारतो. आतली प्रणाली उद्या कोण उघडणार, हे त्याला दुकानदारही सांगू शकत नाही.

आमच्या भागातील एका शाळेच्या कपाटात देणगीतून आलेले डझनभर अँड्रॉइड टॅब्लेट पडून आहेत. खाऱ्या हवेने दोघांचे चार्जिंगचे पोर्ट गंजले आणि एकाची बॅटरी फुगली; बाकीच्यांचे पडदे ठीक आहेत, बॅटऱ्याही दोन-अडीच तास टिकतात. तरीही ते निकामी झाले आहेत, कारण वर्गात लागणारे ॲप त्या जुन्या अँड्रॉइडवर चढत नाही, नवी सुरक्षा-प्रमाणपत्रे त्यातल्या ब्राउझरला ओळखता येत नाहीत म्हणून अर्धी संकेतस्थळे उघडण्याआधीच धोक्याची पाटी दिसते, आणि या टॅब्लेटसाठी प्रणालीची नवी आवृत्ती कधी निघालीच नाही. एका माजी विद्यार्थ्याला बरोबर घेऊन मी त्यांवर दुसरी प्रणाली बसवण्याचा खटाटोप सुट्टीभर केला. बूटलोडरला, म्हणजे यंत्र सुरू होताना प्रणाली चढवणाऱ्या प्रोग्रामला, कुलूप होते आणि ते काढण्याची सोय बनवणाऱ्याने ठेवलेली नव्हती. शेवटी आम्ही ते सगळे पुसून, नीट रचून पुन्हा कपाटात ठेवले. टाकून द्यायला जीव होत नाही, एवढेच.

येथे कुणीही विचारील की अँड्रॉइड हेदेखील लिनक्सच नव्हे काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना सुरू केलेले कर्नलच, म्हणजे यंत्राचे सुटे भाग आणि त्यांवर चालणारे प्रोग्राम यांच्यामधला तो कारभारीच, अँड्रॉइडच्याही मुळाशी आहे. त्या अर्थाने शाळेच्या कपाटात डझनभर लिनक्स टॅब्लेट बंद आहेत. म्हणूनच ‘लिनक्सवर चालतो’ या शब्दांना मी फारशी किंमत देत नाही. चिप बनवणारी कंपनी कर्नलची एक प्रत घेते, तिच्यात आपल्या चिपपुरत्या दुरुस्त्या करते, काही भाग तर मूळ संहिता न देता माणसाला वाचता न येणाऱ्या तयार द्विमान स्वरूपातच पुरवते, आणि दोन वर्षांनी नवी चिप आली की ती प्रत आहे तिथेच सोडून देते. मूळ कर्नल पुढे जात राहते आणि ही शाखा वाळते. याउलट त्या दुरुस्त्या मूळ कर्नलमध्ये, ज्याला जाणकार मेनलाइन म्हणतात त्यात, तपासून घेऊन सामील करून घेतल्या, तर त्यांची देखभाल त्या एका कंपनीच्या मर्जीवर राहत नाही. २०२३ साली कर्नलच्या सांभाळकर्त्यांनी दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांची देखभाल सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर केले, तेव्हापासून तर हा फरक अधिकच टोचू लागला आहे. जुन्या आवृत्तीला चिकटून बसण्याची जी सवलत होती ती आटत चालली आहे. तेव्हा अफवेतल्या टॅब्लेटवर लिनक्स आहे की नाही, यापेक्षा ते मेनलाइनमधले आहे की वाळणाऱ्या फांदीवरचे, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

आता इतिहासाकडे वळतो, कारण विरोधकांचे सर्वांत धारदार हत्यार तेच आहे. नोकियाने २००५ साली ७७० इंटरनेट टॅब्लेट काढला. चार इंचांहून किंचित मोठा पडदा, ६४ मेगाबाइट रॅम, सिमकार्ड नाही, आणि आत डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पायावर उभारलेली माएमो ही प्रणाली. आयपॅड यायला अजून पाच वर्षे होती. जानेवारी २००७ मध्ये एन८०० आला आणि नवी प्रणाली त्याच्यासाठी निघाली. ७७० घेऊन जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष झालेल्या ग्राहकांच्या वाट्याला तिची ‘हॅकर एडिशन’ नावाची, कुठलीही हमी नसलेली आवृत्ती आली. पुढे एन८१०, मग २००९ साली एन९००, मग इंटेलबरोबर मीगो या प्रणालीचा संसार, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून नोकियाने तो संसार मोडला. नोकियातून बाहेर पडलेल्या मंडळींनी योला कंपनी काढली, नोव्हेंबर २०१४ मध्ये लोकवर्गणीतून टॅब्लेट जाहीर केला, लक्ष्याच्या कितीतरी पट पैसा गोळा केला, आणि तरीही बहुसंख्य वर्गणीदारांच्या हाती टॅब्लेट पडला नाही. उबंटू लिनक्स बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने २०१३ साली उबंटू एज या फोनसाठी ३ कोटी २० लाख डॉलरचे आवाहन केले, ते पुरे पडले नाही, आणि २०१७ साली तिने हातातल्या यंत्रांचा नादच सोडला. ही यादी मी स्वतः मांडतो आहे. ती पुसता येणार नाही.

पण या यादीतून काय सिद्ध होते? कंपन्या टिकल्या नाहीत हे सिद्ध होते. यंत्रांचे काय झाले, हे यादी सांगतच नाही. एन९०० चे उदाहरण मुद्दाम तपशिलाने सांगण्यासारखे आहे. नोकियाने त्याच्याकडे पाठ फिरवल्यावर हौशी लोकांनी त्याचे भाग एकामागून एक मूळ कर्नलमध्ये नेले. त्यांची सर्वांत मोठी अडचण चिप किंवा पडद्याची नव्हती. बॅटरी चार्ज करण्याचे काम पाहणारा एक छोटा प्रोग्राम नोकियाने बंदिस्त ठेवला होता आणि त्याच्यावाचून पुढचे पाऊल पडत नव्हते. त्याला पर्याय लिहावा लागला. आज २५६ मेगाबाइट रॅमच्या त्या २००९ सालच्या यंत्रावर माएमो लेस्टे किंवा पोस्टमार्केटओएससारखी चालू प्रणाली नव्या कर्नलसह सुरू होते. ती वापरणारे फार थोडे आहेत आणि आजची जड संकेतस्थळे त्यावर धापा टाकतात, हे मान्य. तरी त्याच साली विकल्या गेलेल्या किती अँड्रॉइड फोनांबद्दल एवढे म्हणता येईल? विक्रीच्या तराजूत एन९०० हरला, आणि बनवणाऱ्याने सोडून दिल्यावरही टिकण्याच्या तराजूत जिंकला. दुसरा तराजू आपण वापरतच नाही, म्हणून पहिल्याचा निकाल अंतिम वाटतो.

आपल्याकडचा इतिहासही याच बाजूने वाचता येतो, जरी तो सहसा थट्टेसाठी वाचला जातो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर ही कंपनी यांनी मिळून आखलेला सिंप्युटर २००१ साली लोकांसमोर आला. तो लिनक्सवर चालणारा, हातात मावणारा संगणक होता; भारतीय भाषांतील मजकूर वाचून दाखवावा आणि स्मार्टकार्डच्या आधारे गावातील अनेकांनी एकच यंत्र आलटून पालटून वापरावे, ही त्यामागची कल्पना होती. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने तो विक्रीला आला तोवर साधा मोबाइल इतका स्वस्त झाला होता की वाटून वापरण्याच्या यंत्राची गरजच विरून गेली. कल्पना चुकीची नव्हती, तिची वेळ निघून गेली. त्यानंतर ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने आकाश टॅब्लेट आणला. ३६६ मेगाहर्ट्झची चिप, बोटाने दाबावा लागणारा पडदा, अँड्रॉइड २.२, आणि सरकारला पडलेली किंमत २,२७६ रुपये. त्या वेळच्या वादाचा सगळा भर या किमतीवर होता. आजच्या अफवेवरचा वाद ऐकताना मला तोच सूर ऐकू येतो, म्हणून हे सांगितले.

या दोहोंच्या मधले एक उदाहरण आपल्या अंगणातले आहे आणि नेमके तेच कुणाच्या तोंडी नसते. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ च्या उत्तरार्धात रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत झाला. एक्सओ नावाचे ते हिरवे-पांढरे यंत्र फेडोरा लिनक्सवर चालत असे, त्याचा पडदा भर उन्हात वाचता येत असे, आणि त्याच्या मुठीत जादा स्क्रू भरून ठेवलेले असत. यंत्र वापरणारे मूलच उद्या ते उघडणार आहे, असे धरून चालणारा तो आराखडा होता. शंभर डॉलरचे ठरलेले यंत्र जवळपास १८८ डॉलरला पडले आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, ही त्या उपक्रमावरील टीका योग्यच आहे. तथापि त्या मुठीतल्या स्क्रूंमागचा विचार आज कुठल्या कंपनीच्या टॅब्लेटमध्ये दिसतो? आमच्या कपाटातले टॅब्लेट तर डिंकाने चिकटवलेले आहेत.

सर्वांत कठीण आक्षेप ॲपचा आहे, आणि त्याला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. बँकेचे ॲप, यूपीआय, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेल्वेचे तिकीट ही आता चैन राहिलेली नाही. लिनक्सवर वेड्रॉइड या प्रोग्रामच्या साहाय्याने अँड्रॉइडची पुष्कळ ॲप चालतात, परंतु यंत्र गूगलने प्रमाणित केलेले आहे की नाही हे तपासणारी बँकांची ॲप तेथे बहुधा नकार देतात. मराठी बोलून लिहिण्याची सोय अँड्रॉइडवर जितकी सहज आहे तितकी लिनक्सच्या हातातल्या यंत्रांवर नाही. म्हणून हा टॅब्लेट घरातले एकमेव यंत्र व्हावे, असा सल्ला मी कुणाला देणार नाही. खिशात फोन असतोच. वाचणे, लिहिणे, शिकणे, हिशेब ठेवणे ही कामे मोठ्या पडद्यावर करायची असतात आणि त्यांना बँकेचे ॲप लागत नाही. ॲपची अडचण पैसा आणि चिकाटी असल्यास सुटते, याचे उदाहरणही आहे. व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र आणले. तेही लिनक्सवर चालते. लिनक्सवर खेळ नाहीत, हाच तोवरचा शेरा होता. व्हॉल्व्हने विंडोजसाठी लिहिलेले खेळ लिनक्सवर चालवणारा प्रोटॉन हा थर वाढवला, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरांवर, म्हणजे तो सुटा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामांवर, काम करणाऱ्यांना पैसे दिले, ते काम मूळ प्रकल्पांत जमा होऊ दिले आणि सुटे भागही विकायला काढले. परोपकार म्हणून नव्हे. आपले खेळांचे दुकान मायक्रोसॉफ्टच्या ओसरीवर राहू नये, हा त्यामागचा हिशेब होता. अफवेतली कंपनी असाच दीर्घ स्वार्थ बाळगून आहे की नुसती हवा पाहते आहे, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आमच्या बाजूच्या काही मंडळींचा एक युक्तिवाद मात्र मला पटत नाही, तोही सांगून टाकतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज आणि नेटवर्क नव्हते. अशा वेळी नेटवर्कवाचून चालणारे लिनक्सचे यंत्रच कामी येते, असे ते म्हणतात. उतरवून ठेवलेला मराठी विकिपीडिया किंवा नकाशा अँड्रॉइडवरही तितकाच चांगला उघडतो, आणि वीज नसेल तर दोन्ही यंत्रे सारखीच बंद पडतात. त्या दिवसांत कामी आली ती करवत आणि शेजारी. टॅब्लेटच्या समर्थनासाठी वादळ राबवण्याचे कारण नाही.

मराठीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो कोकणातल्याच दोन माणसांपासून सुरू करता येतो. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या आटोक्यात आणण्यासाठी खटपट केली. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी लिपिशुद्धीची मोहीम चालवली आणि इ, ई, उ, ऊ ऐवजी ‘अि, अी, अु, अू’ अशी अ ची बाराखडी सुचवली. दोघांच्याही खटाटोपामागे एक मोठी अडचण होती: छापखान्याचे यंत्र आपल्या लिपीला पुरेसे नव्हते, आणि यंत्र बदलणे आपल्या हाती नसल्याने लिपीच कापून बेतण्याची वेळ आली होती. आज यंत्र बदलता येते, पण ते उघडे असेल तरच. ‘तऱ्हा’ आणि ‘दुसऱ्या’ यांतला र, मराठी वळणाचे ल आणि श, या गोष्टी एखाद्या मोठ्या कंपनीच्या यादीत फार खाली असतात. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर देवनागरीची जोडाक्षरे तुटून दिसत, वेलांटी भलत्याच अक्षरापाशी उभी असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आज अँड्रॉइडवर मराठी सुबक दिसते, मग तक्रार कसली, असे कुणी म्हणेल. अक्षरांची ती जुळणी हार्फबझ ही मुक्त संहिता करते, आणि तीच लिनक्सच्या मेजावरच्या संगणकांवर, फायरफॉक्समध्ये आणि लिबरऑफिसमध्येही काम करते. म्हणजे अँड्रॉइडच्या ज्या गुणाचा दाखला या वादात दिला जातो, तो गुणच उघड्या दारातून आत आलेला आहे. दक्षिणेकडच्या केरळाने सरकारी शाळांत मुक्त प्रणाली नेली, ती मल्याळममध्ये आणली आणि तिच्याभोवती शिक्षकांची फळी उभी केली. आपल्याकडे याबाबत अजून पडद्याच्या इंचांवर चर्चा चालू आहे.

राहता राहिला पैशाचा व्यवहार. अफवा खरी ठरली तर आगाऊ नोंदणी सुरू होईल आणि पहिल्या नोंदणीकरांना सवलत मिळेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. योलाच्या वर्गणीदारांचे काय झाले ते वर आलेच. २०२३ साली पाइनटॅब २ हा लिनक्सचा टॅब्लेट लोकांच्या हाती पडला तेव्हा त्याच्या वायफायचा ड्रायव्हर तयार नव्हता. कंपनीने ते लपवले नव्हते आणि ते यंत्र जाणकारांसाठीच आहे असे बजावलेही होते, तरी दापोलीच्या एखाद्या शिक्षकाने ते मोठ्या हौसेने मागवले असते तर त्याला पहिले काही महिने यूएसबीचा जोड लावून बसावे लागले असते. म्हणून मी आगाऊ पैसे भरणार नाही. कर्नलची मूळ संहिता सर्वांसाठी खुली आहे आणि तिच्यात एआरएम चिपांच्या यंत्रांची ओळख सांगणाऱ्या डिव्हाइस ट्रीच्या फायली नावानिशी ठेवलेल्या असतात. नवा टॅब्लेट अशा चिपवर बेतलेला असेल, तर विक्री सुरू झाल्यावर त्याच्या नावाची फाइल तेथे आली आहे का, ती पाठवणारा कंपनीचा माणूस आहे की एखादा हौशी, वायफाय आणि चार्जिंगच्या नोंदी तिच्यात आहेत का, आणि बूटलोडरचे कुलूप काढण्याची रीत कंपनीने स्वतः लिहून दिली आहे का, एवढे पाहून मी त्या माजी विद्यार्थ्याला घेऊन एकच टॅब्लेट मागवीन आणि शाळेत आधी त्याचे झाकण उघडून पाहीन. एन९०० ची फाइल अजून त्या संहितेत आहे.